एका स्टाफवर दोन हेअरपिन: लिलीपाँडला जमतं
लिलीपाँड या पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर (रचनेची लिखित संहिता) लिहायला बसलं की एक सल्ला हमखास मिळतो: 'एका स्टाफवर (सूर लिहायच्या पाच रेघांवर) एकाच वेळी क्रेशेंडो (आवाज वाढवत नेणं) आणि डिमिन्युएंडो (आवाज कमी करत नेणं) येत नाहीत. पीडीएफ काढा, दुसरी खूण वरून रेखाटा. तसंही असं कुणी लिहीत नाही.' या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

'येत नाहीत' यामागे एक अर्धसत्य आहे. एका व्हॉइसमध्ये (स्टाफवरच्या एका स्वतंत्र सुरावटीत) क्रेशेंडोचा आदेश \< चालू असताना डिमिन्युएंडोचा \> दिला की पहिली हेअरपिन, म्हणजे हा चढ-उतार दाखवणारी पाचरीसारखी खूण, तिथेच संपते. पण ही मर्यादा व्हॉइसची आहे, स्टाफची नाही. समजा, एका स्टाफवर दोन हॉर्न (फुंकून वाजवायची वाद्यं) आहेत, पहिला ओसरतोय, दुसरा चढतोय. दोघांना स्वतंत्र व्हॉइस दिली की दोन्ही खुणा उमटतात. खरी अडचण पुढे येते. व्हॉइस एक आणि दोन ठरवल्यावर सुरांच्या काड्या आणि स्लर (सूर जोडणाऱ्या कमानी) आपोआप वर-खाली जातात, डायनॅमिक्स (आवाजाच्या तीव्रतेच्या खुणा) मात्र जात नाहीत. दोन्ही हेअरपिन स्टाफखालीच एकाखाली एक बसतात आणि कोणती कुणाची हे वादकाला कळत नाही. इथेच लोक हात टेकतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. वरच्या व्हॉइसला 'डायनॅमिकअप' हा एक आदेश द्या, तिची खूण स्टाफच्या वर जाते.

पियानोत दोन्ही हातांचा मिळून लांब क्रेशेंडो आणि त्याच वेळी उजव्या हाताच्या सुरावटीची उतरण हवी असेल, तर दोन स्टाफच्या मधे 'डायनॅमिक्स' नावाची स्वतंत्र ओळ घालता येते. तिच्यात सूर नसतात, फक्त न दिसणारे स्पेसर रेस्ट (जागा धरून ठेवणारे विराम) आणि त्यांना जोडलेल्या खुणा. सुरावटीची खूण तिच्या व्हॉइसमध्येच राहते.

'कुणी लिहीत नाही' हे तर ऐकवतच नाही. संगीतकार माहलरच्या सिंफनींत एक वाद्य चढत असताना दुसरं ओसरतं. फ्रेंच संगीतकार मेस्सियाँने १९४९ साली पियानोसाठी अशी रचना लिहिली, जिच्यात प्रत्येक सुराला स्वतःची ठरलेली तीव्रता आहे, एकूण सात पायऱ्यांतली.

राहिलं पीडीएफवर रेखाटणं. कृपा करून हे करू नका. एक बार (तालाचा एक खंड) वाढला की ओळी नव्याने तुटतात. लिलीपाँडची हेअरपिन ओळीबरोबर तुटून पुढच्या ओळीवर चालू राहते, हाताने काढलेली जुन्या जागीच लटकते. आणि दुसऱ्या हॉर्नचा पार्ट (फक्त त्याच्या सुरांची प्रत) वेगळा काढला, तर त्यात ती खूण नसतेच.