श्वास मुद्दाम लांबवू नका

ध्यानावरच्या लेखांत बहुतेकदा ‘मन खचलं की श्वासाकडे लक्ष द्या’ एवढंच येतं, कसं ते राहून जातं. पहाटे, नागपूरचं ऊन तापायच्या आत, पाठ ताठ ठेवून १० मिनिटं बसा. दीक्षाभूमीच्या स्तूपात बसलात तरी चालेल. नाकपुडीच्या कडेला आत येणारी गार, बाहेर जाणारी कोमट हवा फक्त जाणवू द्या. श्वास जोरानं ओढू नका. इथंच चुकतं, मग गरगरतं आणि बसणंच सुटतं. मन भटकलं तर चिडायचं नाही, परत आणायचं. पण दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसत्या श्रद्धेवर विसंबू नका हो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोला. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.