जर्मनीत ‘असले खेळ’ चालतात, दादा

रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. वर ‘पालकांनो, जागे व्हा!’, खाली पाच मुद्दे आणि शेवटी दहा जणांना पाठवायची गळ. विषय काय, तर कॉलेजांमध्ये होणाऱ्या डिझाइन थिंकिंगच्या (म्हणजे आधी वापरणाऱ्या माणसाला पाहून-विचारून, मग उपाय घडवून तपासायच्या पद्धतीच्या) कार्यशाळा म्हणजे शुद्ध थोतांड. एरवी असलं काही मी उघडतही नाही. पण तो वाचून दादाने इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीला कार्यशाळेतून नाव काढून घ्यायला लावलं. मी स्वतः तेच शिकवते, त्यामुळे गप्प बसणं जमेना.

पहिला मुद्दा, ‘जर्मनीत असले खेळ चालत नाहीत, म्हणून ते पुढे गेले.’ अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ज्या डी-स्कूलमुळे, म्हणजे डिझाइनच्या शाळेमुळे, या प्रकाराचं नाव जगभर झालं, तिचं अधिकृत नावच हासो प्लाटनर इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन. हे प्लाटनर जर्मन, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. बर्लिनजवळ पॉट्सडॅमलाही त्यांच्या संस्थेने २००७ मध्ये डिझाइन थिंकिंगची शाळा काढली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमका जर्मनीच निवडावा!

‘डिझाइन म्हणजे चित्रकला, इंजिनीअरला काय उपयोग?’ पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ मध्येच सुरू झालं. पुढे.

‘हे परदेशी फॅड आहे, आपल्याकडे जुगाड आहे.’ जुगाडाने एका माणसाची आजची नड भागते, दुसऱ्याला त्याचा उपयोग होईलच असं नाही. जयपूर फूट जुगाड नव्हता. परदेशी नमुन्याचा कृत्रिम पाय बुटात घालायचा असे. तो लावून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपला माणूस बसतो-उठतो कसा ते पाहून रबराचा पाय घडवला. हे साठच्या दशकात, डी-स्कूलचा पत्ताही नव्हता तेव्हा. म्हणजे पद्धत आपल्याकडेही होती, नाव नंतर आलं.

आता चौथा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. ‘लोकांना विचारत बसणं म्हणजे वेळ घालवणं. लोकांना काय हवं ते शिकलेल्या इंजिनीअरला कळतंच.’

कळत नाही हो. २००७ साली स्टॅनफर्डच्या एका वर्गात विद्यार्थ्यांना काम मिळालं, स्वस्त इन्क्युबेटर करा, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र. त्यातला एक जण नेपाळला गेला, तर काठमांडूच्या रुग्णालयात देणगीचे इन्क्युबेटर रिकामे पडलेले. कमी वजनाची बाळं जन्मत होती खेड्यात, जिथे यंत्रही नाही आणि विजेचा भरवसाही नाही. यंत्र कितीही स्वस्त केलं तरी त्या बाळांना काय उपयोग? मग त्यांनी बाळाला गुंडाळायची पिशवी केली. तिच्या आत मेणासारख्या पदार्थाची गादी, एकदा तापवली की काही तास ३७ अंशांवर राहणारी. पुढे ‘एम्ब्रेस’ नावाने त्यांनी बेंगळुरूहून काम चालवलं.

पण खरी गंमत झाली ती महाराष्ट्रात. सुरुवातीच्या नमुन्यावर तापमानाचे आकडे दिसायचे. इथल्या एका लहान शहरात आयांना तो दाखवून विचारलं, ३७ वर ठेवायला सांगितलं तर किती ठेवाल? एक आई म्हणाली, तीसवर. इंग्रजी औषध जहाल, बाळाला बाधू नये म्हणून ती ते नेहमी कमीच द्यायची. म्हणजे यंत्र अचूक, आई मायाळू, आणि बाळ तरी गारठणार. त्यांनी आकडेच काढून टाकले. ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’, एवढंच ठेवलं. डी-स्कूलचे संस्थापक डेव्हिड केली आणि त्यांचे बंधू टॉम यांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय. दादा, आपली आईसुद्धा तापाची गोळी अर्धी मोडूनच द्यायची, आठवतं? कुठल्या इंजिनीअरला हे घरबसल्या कळलं असतं?

माझ्या वर्गातलंही सांगते. कॅन्टीनच्या रांगेचा प्रश्न दिला, तर चारही गटांनी पहिल्या दहा मिनिटांत ‘अ‍ॅप’ लिहून टाकलं. मी त्यांना वही घेऊन तासभर कॅन्टीनमध्ये उभं केलं. घोळ वेगळाच निघाला. कुपन घेऊन पुढच्या खिडकीवर गेल्यावर कळायचं की साबुदाणा वडा संपलाय. मग परत मागे, पैसे परत मागायचे, वाद. एका गटाने कुपनच्या खिडकीवर पदार्थांच्या नावांचे पुठ्ठे चिमट्यांनी टांगले. दुसऱ्याच दिवशी ते फसलं, कारण वाढणाऱ्या मावशींचे हात तेलाचे, त्या दरवेळी पंधरा पावलं चालून पुठ्ठा कशाला काढतील? मग मुलांनी प्रत्येक पुठ्ठ्याला दोरी बांधून ती मावशींच्या बाजूला आणली. कोपराने ओढली की तिकडे पुठ्ठा उलटतो. अ‍ॅपचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

शेवटचा मुद्दा, ‘दोन दिवसांत काही येत नाही, नुसत्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात’. हे, नाइलाजाने, बरंचसं खरं आहे. एसी हॉलमध्ये चिठ्ठ्या, ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र यावर उरकणाऱ्या कार्यशाळा मीही पाहिल्यात. आणि ती पिशवी ज्या अभ्यासक्रमातून निघाली तोही दोन शैक्षणिक सत्रांचा आहे, दोन दिवसांचा नाही.

म्हणून भाचीला एवढंच विचारायला सांगितलं की दोन दिवसांत हॉलच्या बाहेर किती तास? उत्तर आलं, पाच तास, एसटी स्टँडवर, प्रवाशांसोबत. दादा, तिचं नाव परत घाल. फी मी भरते.