डिग्री की सर्टिफिकेट? भरती करणाऱ्यांनो, आधी तुम्हाला काय हवंय ते खरं सांगा

आयटीत यायचंय म्हटलं की प्रत्येकाकडे सल्ला तयार. ज्यानं इंजिनिअरिंग केलंय तो म्हणतो, डिग्रीशिवाय कुणी दारात उभं करत नाही. जो दहा वर्षांपूर्वी सर्टिफिकेटच्या जोरावर शिरला तो म्हणतो, कॉलेजात पैसे घालू नकोस, सहा महिन्यांत होतं सगळं. दोघंही छातीठोकपणे बोलतात आणि दोघांनीही गेल्या कित्येक वर्षांत नवखा उमेदवार म्हणून एकही अर्ज भरलेला नसतो. वैताग आलाय या सगळ्याचा.

मी दिवसभर अकाउंट्सचं काम करतो आणि रात्री घरातले झोपले की सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटचा, अभ्यास करतो. नेटवर्कचा आकार /२६ म्हटलं की त्यातल्या यंत्रांना देता येणारे पत्ते ६२, /२७ म्हटलं की ३०, हे आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. परीक्षा १२० मिनिटांची, आणि एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येऊन उत्तर बदलता येत नाही. "सर्टिफिकेट काय, कुणालाही मिळतं" असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून दाखवावं.

एवढं करून अर्ज भरायला जावं तर काय? जाहिरातीत लिहिलेलं असतं, "पदवी किंवा समकक्ष अनुभव". फॉर्म उघडला की प्रश्न येतो, "संगणकशास्त्र किंवा संबंधित शाखेची पदवी आहे का?" उत्तरं दोनच, हो किंवा नाही. समकक्ष अनुभव लिहायला रकानाच नाही! माझी डिग्री कॉमर्सची, म्हणून "नाही" निवडलं. फॉर्म पाठवला रात्री अकरा वाजता आणि चहा गाळेपर्यंत नकाराचा मेल हजर. "आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करून" अशी त्याची सुरुवात. रात्री अकराला कोण बसलं होतं काळजीपूर्वक विचार करायला? कुणी वाचलासुद्धा नाही तो अर्ज. मग ते "किंवा समकक्ष अनुभव" लिहिता कशाला? सरळ लिहा ना, डिग्री नसेल तर अर्ज करू नका. माणूस आपली रात्र तरी वाचवेल.

आणि ही माझ्या एकट्याची रड नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी मध्यंतरी गाजावाजा करून जाहीर केलं, आम्ही डिग्रीची अट काढतोय, आम्हाला कौशल्य हवंय. टाळ्या पडल्या. मग २०२४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या भरतीचा हिशेब मांडला. या अटी काढल्यामुळे डिग्री नसलेल्यांना ज्या जादा संधी मिळाल्या, त्या दर ७०० भरतींमागे एकसुद्धा भरत नव्हत्या. ज्यांनी त्या घोषणेवर विश्वास ठेवून कॉलेजचा विचार सोडला, त्यांनी आता कुणाच्या नावानं बोंब मारायची?

सर्टिफिकेटवाल्यांचं तरी काय सरळ आहे? ए प्लस हे कॉम्प्युटर सपोर्टचं प्राथमिक सर्टिफिकेट तीन वर्षांनी संपतं, सीसीएनए तीन वर्षांनी संपतं. पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, नाहीतर प्रशिक्षण घेऊन क्रेडिट गोळा करत बसा. एमसीएसई या मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेटसाठी लोकांनी किती वर्षं घालवली असतील, मायक्रोसॉफ्टनं ३१ जानेवारी २०२१ला ते बंदच करून टाकलं. डिग्री निदान कालबाह्य होऊन कागदावरून पुसली जात नाही, हे मी मान्य करतो. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर हे नीट बसून शिकलेल्या माणसाचा पाया पक्का असतो, हेही मान्य. पण मला तीन-चार वर्षं कोण देणार? घराचा हप्ता थांबतो का? मुलांची फी थांबते का? "नोकरी सोड आणि पूर्णवेळ शिक" हे सांगणाऱ्याच्या घरी पगार आणणारं दुसरं कुणीतरी असतं, किंवा त्याला सांभाळायला कुणी नसतं.

मात्र सगळ्यात जास्त तळपायाची आग मस्तकात जाते ती "एन्ट्री लेव्हल" या थापेमुळे. सायबर सिक्युरिटीच्या एका जाहिरातीत मी डोळ्यांनी वाचलं: एन्ट्री लेव्हल, सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य. अरे, सीआयएसएसपी हे सायबर सिक्युरिटीतल्या मुरलेल्या लोकांचं सर्टिफिकेट, ते मिळायलाच पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तोही ठरवून दिलेल्या आठ विषयांपैकी किमान दोनमध्ये! परीक्षा पास झालात पण अनुभव नाही, तर नुसते असोसिएट म्हणून थांबा. आणि त्या अटीतली सूट बघा. संगणकशास्त्र किंवा संबंधित शाखेची पदवी असेल तर एक वर्ष माफ. मान्यताप्राप्त यादीतलं दुसरं सर्टिफिकेट असेल तरी एकच वर्ष माफ. दोन्ही असली तरी एकच. ज्या दोन गोष्टींवरून लोक रात्र-रात्र भांडतात त्यांची किंमत तिथे सारखीच, प्रत्येकी एक वर्ष. उरलेली चार वर्षं अनुभवाची, आणि तो अनुभव कुठलं कॉलेज देत नाही, कुठलं परीक्षा केंद्र देत नाही. तो देऊ शकतात फक्त तुम्ही, भरती करणारे. आणि देत नाही तेही तुम्हीच.

पूर्वी हेल्पडेस्कला पोरं घ्यायचे, पासवर्ड रीसेट करता करता ती नेटवर्कपर्यंत पोचायची. आता त्याच हेल्पडेस्कच्या जागेला दोन वर्षांचा अनुभव मागतात. पासवर्ड रीसेट करायला दोन वर्षं! शिकवायची जबाबदारी नको, वेळ द्यायचा नाही, पण तयार माणूस मात्र हवा, तोही नवख्याच्या पगारात.

मला दया नकोय, सूटही नकोय. मला समोर बसवा. एक बंद पडलेला नेटवर्क स्विच द्या, एक चुकलेलं व्हीएलॅन (एकाच नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) द्या, अर्धा तास द्या. रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेत चालू मशिनवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतंच ना? मग मुलाखतीत तसं करायला तुमचं काय जातं? नाही जमलं तर तोंडावर नाही म्हणा, मी गुमान निघून जाईन. आणि डिग्रीच हवी असेल तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत तसं लिहा. पण "किंवा" लिहून आत बोलवायचं आणि "नाही"वर टिक केल्याबरोबर हाकलायचं, हे बंद करा.