बकेट म्हणजे कुऱ्हाड नव्हे

‘पोकलेनच्या बकेटला घरच्या घरी प्लेट मारा, ४० हजार वाचवा’ असा एक मेसेज कित्येक दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (प्लेट मारणं म्हणजे झीज सोसायला बकेटवर जास्तीची पट्टी वेल्ड करणं.) मी तीनदा वाचून सोडून दिला. चौथ्यांदा आला तो भाच्याकडून, आणि सोबत फोटो. “मामा, मारली बघा प्लेट. कशी झालीय?” पोराने जुनी २० टनी पोकलेन घेतली त्याला वर्ष होतंय, वेल्डिंग मशीन घेऊन तीन आठवडे. रन, म्हणजे वेल्डिंगच्या रेघा, दिसायला बरे होते, खोटं कशाला बोलू. मी एवढंच विचारलं, “वरून पाणी ओतलंस का रे?” तर म्हणे, “हो, त्यात लिहिलंय तसं.”

त्यात काय काय लिहिलंय ते थोडक्यात सांगतो. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे हार्डॉक्सच्या, म्हणजे कमी झिजणाऱ्या खास पोलादी प्लेटच्या, तोडीचे. प्लेट आधी तापवायची गरज नाही. वेल्डिंग झाल्या झाल्या पाणी मारा, पट्टी कडक होते. कडक प्लेटला वेल्डिंगचा रॉडही कडकच लागतो. रॉड ओले वाटले तर उन्हात ठेवा. बकेट मशीनवरून काढू नका, अर्थिंग कुठेही लावा. आणि प्लेट जितकी जाड तितकी चांगली.

आधी पाण्याचं. कारण हे लिहिणाऱ्याने लोहाराचा दाखला दिलाय: ‘आपले पूर्वज कुऱ्हाडीला पाणी द्यायचे.’ द्यायचे ना! पण कधी लोहाराच्या भात्यापाशी बसून बघितलंय का? तो लालभडक पातं पाण्यात बुडवतो, फक्त धारेपुरतं. बाहेर काढून घासतो आणि गप्प बघत बसतो. मागच्या अंगातली उष्णता धारेकडे सरकते, पोलादावर आधी पिवळट झाक येते, मग तपकिरी, जांभळी, निळी. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. पहिल्या बुडवणीत पातं काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं, ते या रंगांच्या पायरीवर उतरवलं जातं. हा अर्धा भाग मेसेजवाल्याने खाल्ला. पहिल्या पाण्यावरच थांबलेली कुऱ्हाड बाभळीवर मारून बघा, धारेचे तुकडे उडतील.

वेल्डिंगमध्ये तर रंग बघायलाही वाव नाही. टाक्याच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा लालभडक तापतो, आणि आजूबाजूचं थंड लोखंड त्याची उष्णता तसंही खेचून घेतच असतं. त्यावर बादली ओतली की तो पट्टा कडक होतो हे खरं, पण नको त्या जागी. घासायचंय प्लेटच्या तोंडाला, आणि काच करून ठेवली सांध्याची.

त्यात पट्टी ट्रकच्या पाट्याची असेल तर मग बघायलाच नको. मान्य, पाटा झिजतो कमी. खडकाळ मुरमात साध्या लोखंडी पट्टीपेक्षा जास्त टिकतो, हे मीही पाहिलंय. पण तो झिजत नाही ज्या कार्बनमुळे, त्याच कार्बनमुळे वेल्डिंगला तडकतो. पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के, आपल्या नेहमीच्या स्ट्रक्चरल प्लेटमध्ये ०.२३ च्या आत. हार्डॉक्स ४५० मध्येसुद्धा पाव टक्क्याच्या आसपासच असतो, तिथे कडकपणा कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आणलेला. म्हणून ‘दोन्ही कडकच की’ हे म्हणणं म्हणजे पापड आणि फरशी दोन्ही कडक म्हणण्यासारखं आहे. चांगलं तापवून, कोरड्या रॉडने लावून, सावकाश थंड करून पाटे बसवणारे कारागीर आहेत. तीन आठवड्यांचा माणूस त्यांच्यात मोडत नाही.

भाच्याच्या बकेटचं काय झालं? त्याने पाटेच लावले होते. दुसऱ्या दिवशी रात्री घरचे जेवत होते, तर शेडमधून ‘टण्’ असा आवाज आला. त्याला वाटलं मांजराने पाना पाडला. सकाळी मी गेलो, ग्राइंडरने जागा साफ केली, तडा शोधायचा लाल स्प्रे मारला, पुसला, वर पांढरा मारला. दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. रनच्या अगदी कडेने, केसाएवढी, वीतभर लांब. आणि कोपऱ्यावर पाट्यातून उतरून बकेटच्या तळात शिरलेली. वरची पट्टी फुटली तर दुसरी लावता येते, तळ गेला की बकेट गेली.

हा उशिरा येणारा तडा नवशिक्यांना ठाऊक नसतो. रॉडच्या आवरणातल्या ओलीतून हायड्रोजन वितळलेल्या धातूत घुसतो, आणि सगळं थंड झाल्यावर त्या ठिसूळ पट्ट्यात जमून काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, त्याला फाडतो. म्हणून संध्याकाळी ठोकून बघून ‘पक्कं बसलंय’ म्हणण्याला अर्थ नाही.

रॉडबद्दल माझ्या शब्दावर नका जाऊ. हार्डॉक्स बनवते स्वीडनची एसएसएबी, वेल्डिंग कसं करायचं हे त्यांनीच छापलंय. ते सांगतात मऊ रॉड वापरा, ज्याची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण) ५०० मेगापास्कलपर्यंतच आहे असा, आणि जमा धातूत हायड्रोजन १०० ग्रॅमला ५ मिलिलिटरपेक्षा जास्त नको. म्हणजे ‘कडकला कडक’ तिथेच निकालात. हार्डफेसिंगचा रॉड वरून घासणीसाठी असतो, प्लेट चिकटवायला नव्हे. ६०१३ नंबरचा रॉड कितीही वाळवला तरी लो-हायड्रोजन होत नाही. ७०१८ होतो, पण भट्टीत, खोक्यावर लिहिलेल्या तापमानाला. ऊन कितीही कडक असो, रॉड त्यात कोमट होतो, भाजला जात नाही.

त्याच कागदात आणखी तीन गोष्टी आहेत. दोन प्लेटींमधली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रन कोपऱ्यावर सुरू किंवा बंद करू नका, सुरुवात-शेवट कोपऱ्यापासून ५० ते १०० मिलिमीटर दूर ठेवा. (भाच्याने चारही कोपऱ्यांवर रॉड सोडलेला.) आणि प्लेट २५० डिग्रीच्या वर तापली तर तिचा मूळ कडकपणा राहत नाही, म्हणजे गॅस कटरने लाल करून ठोकून बाक देणाऱ्यांनी आधीच पैसे पाण्यात घातले. मेसेजमधलं एक मात्र नाइलाजाने मान्य करतो: १२ मिलिमीटरच्या हार्डॉक्स ४५० ला आधी तापवायची गरज नाही, कंपनीही तेच म्हणते. मात्र हवा दमट असेल तर आधी तापवायचं तापमान २५ डिग्री वाढवा, असंही तीच म्हणते. जुलैत आपल्याकडे हवा कशी असते ते सांगायला नको.

अर्थिंगचा मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. क्लॅम्प ट्रॅकला आणि टाका बकेटला, म्हणजे सगळा करंट पिन-बुश, सिलिंडरच्या पिना, वरच्या-खालच्या मधली स्लू बेअरिंग यांतून वाट काढत जाणार. जिथे संपर्क कमी तिथे ठिणगी पडते आणि बुशला खड्डा. नव्या मशीनमधला कंट्रोलर गेला तर वाचवलेल्या ४० हजारांची आठवण काढत बसा. बकेट उतरवा. नाहीच उतरवता आली तर इंजिन बंद, बॅटरी सोडवलेली, आणि क्लॅम्प बकेटलाच, जागा घासून, टाक्याशेजारी. उतरवलेली बकेट उलटीपालटी करून प्रत्येक रन सपाटीवर घेता येतो, आणि नवशिक्याला तेवढंच जमतं.

जाडीचं एका ओळीत. १२ मिलिमीटरची एक चौरस मीटर प्लेट ९४ किलो, २५ ची १९६. ते वरचे १०२ किलो प्रत्येक खेपेला उचलायचे, डिझेल तुमचं.

भाच्याची बकेट आता माझ्याकडे पडलीय. पाटे काढायचेत, तळातला तडा शेवटापर्यंत खोदून पुन्हा भरायचाय. ग्राइंडर त्याच्याच हातात दिलाय. “मामा, अजून किती खोल घासू?” विचारत होता. लाल रेघ दिसायची थांबेपर्यंत, म्हटलं.