मर्यादा म्हणजे मर्यादा

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळायला चाललात ना? मग आधी मर्यादा ठरवा. ठरवलीच नाही, तर मोडणार काय?

100-200 चं टेबल धरू, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने लावावे लागणारे पैसे (ब्लाइंड): छोटे 100, मोठे 200. मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट, म्हणजे 20 हजार घेऊन बसायचं. हा एक बाय-इन. असे तीन बाय-इन गेले की उठायचं. 60 हजार. हा आकडा पणजीला जाताना गाडीतच मित्रांना ठासून सांगा. घरी 10 सांगितलेत तरी चालेल, उगाच काळजी करतात. एटीएम कार्ड हॉटेलातच ठेवा. मित्राकडून घेतलेले पैसे मर्यादेत धरायचे नसतात.

साडेअकराला 60 हजार संपतील. इथे डोकं शांत ठेवा. पुढचे 20 हजार हा चौथा बाय-इन नव्हेच. आधीचे 60 सोडवून आणायला ते गेलेत. समोरचा टोपीवाला पोरगा तीन तास नुसते पत्ते टाकून देतोय, मधूनच पाणी पितोय. त्याला खेळता येत नाही, हे उघड आहे. (त्याच्यापुढचा चिप्सचा ढीग योगायोगाचा.)

आता हातात दोन बदाम, टेबलावर दोन बदाम, एकच पान यायचंय. पाचवा बदाम आला की फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. न दिसलेल्या 46 पानांत 9 बदाम, म्हणजे पाचांतल्या चार वेळा हुकणार. पण मघाशी चारदा हुकलंच होतं ना? मग झालं तर! सरकवा सगळं पुढे.

हातात दोन एक्के, म्हणजे सुरुवातीचे सर्वांत भारी पत्ते, सरासरी 221 डावांत एकदा येतात. तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेव्हा आठ तास तरी बसायलाच हवं. लवकर उठणारा आपले एक्के दुसऱ्याला देऊन जातो. डीलर पॉटमधून (डावात लागलेल्या पैशांतून) रेकच्या, म्हणजे कॅसिनोच्या हिश्शाच्या, चिप्स उचलून टेबलातल्या फटीत टाकतो, तिकडे बघू नका. त्या फटीला कधी मर्यादा ठरवावी लागलेली नाही.

गोवेकरांना 2020 पासून इथे खेळायला मनाई आहे, बिचारे. ही सोय तुम्हा-आम्हा पाहुण्यांसाठी राखीव.

उठायचंच म्हणालात, तर जेटीवर नेणारी छोटी बोट यायला वेळ असतो. उभ्याने कशाला वाट बघायची? बसा, तेवढ्यात दोन डाव होतात.

पहाटे जेटीवर उतराल तेव्हा टॅक्सीवाला हॉटेलपर्यंतचे 300 मागेल. अजिबात देऊ नका. पैसे काय झाडाला लागतात? दोनशेच्या वर एक रुपया नाही, म्हणावं, आणि नाहीच ऐकलं तर सरळ चालत निघा.