प्लगइन ही कुबडी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार,

फूबार २००० या संगणकावर संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न वाजणाऱ्या फायली प्लगइन (त्याला जोडायचा छोटा पूरक भाग) बसवून संग्रहात कशा आणाव्यात, या माझ्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, प्लगइन म्हणजे कुबड्या. त्या लावत बसण्यापेक्षा सगळ्या फायली एकदाच एमपीथ्रीत बदलून टाकाव्यात, म्हणजे त्या गाडीत, फोनवर, टीव्हीवर कुठेही वाजतील. शिवाय अनोळखी माणसाने लिहिलेले प्लगइन संगणकात घेणे धोक्याचे आहे, आणि नवी आवृत्ती घेतल्यावर आपली जुनी प्लगइन्स एका रात्रीत बंद पडली, असेही आपण लिहिले आहे. शेवटच्या दोन आक्षेपांत बरेच तथ्य आहे आणि त्यांच्याकडे मी येतोच. पहिल्या सल्ल्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही, कारण तो पाळून मूळ फायली पुसून टाकल्या की केलेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

आपण उदाहरण मंकीज ऑडिओ या ध्वनीतले काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या फॉरमॅटच्या, म्हणजे एपीई फायलींचे घेतले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. शास्त्रीय संगीताच्या जुन्या संग्रहांत अशा फायली पुष्कळ सापडतात. संपूर्ण सीडीची एकच मोठी एपीई फाइल आणि तिच्यासोबत काही ओळींची क्यू फाइल, अशी ती जोडी असते. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिलीत तर प्रत्येक ट्रॅकपुढे मिनिटे, सेकंद आणि फ्रेम अशी वेळ लिहिलेली दिसेल. एका सेकंदात ७५ फ्रेम, हे सीडीचे माप. समजा, बडा ख्याल संपून द्रुत सुरू होते ती जागा ३४:१२:४० अशी नोंदवलेली आहे. त्या जागी आवाज कापलेला नसतो, फक्त खूण केलेली असते. म्हणून फूबार २००० मध्ये ही जोडी वाजवताना ट्रॅक बदलतो तरी तानपुरा अखंड वाजत राहतो.

आता याच फाइलचे तुकडे करून त्यांचे एमपीथ्री केले तर काय होते ते पाहा. या फॉरमॅटमध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे एका क्षणी मोजलेले ध्वनीचे मूल्य) चौकटींत भरला जातो, म्हणजे सीडीच्या दर्जाला सुमारे २६ मिलिसेकंदांची एक चौकट. शेवटची चौकट पूर्ण भरली नाही तर उरलेल्या जागेत शांतता भरावी लागते, आणि एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारे सॉफ्टवेअर, सुरुवातीलाही थोडी शांतता घालतो. लेमसारखा एन्कोडर ही शांतता किती आहे याची नोंद फाइलच्या डोक्यावर करून ठेवतो आणि चांगला प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतो. पण गाडीतल्या अनेक म्युझिक सिस्टिम ती नोंद वाचत नाहीत, आणि आपला तर मुख्य युक्तिवादच गाडीचा आहे. चित्रपटगीतांच्या संग्रहात हे जाणवणार नाही, कारण दोन गाण्यांच्या मध्ये शांतता असतेच. तासभराच्या मैफलीत मात्र प्रत्येक सांध्यावर तानपुरा क्षणभर तुटतो आणि पुन्हा लागतो. ज्याने तो तुटका सांधा एकदा ऐकला त्याला पुढे प्रत्येक वेळी तोच ऐकू येतो.

३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट माहितीच्या) एमपीथ्रीत आणि मूळ ध्वनीत कानाला फरक कळत नाही, असे आपण लिहिले आहे. बहुतेक ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत, बहुतेक श्रोत्यांसाठी हे खरे आहे, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. परंतु संग्रह हा केवळ आज ऐकण्यासाठी नसतो. उद्या त्यातली खरखर कमी करायची असेल, एखादी तान सावकाश करून शिकायची असेल, किंवा दहा वर्षांनी दुसऱ्याच फॉरमॅटमध्ये न्यायचे असेल, तर प्रत्येक वेळी सुरुवात मूळ फाइलपासून झाली पाहिजे. एमपीथ्री करताना ध्वनीचा काही भाग कायमचा गाळला जातो; एकदा गाळलेल्या ध्वनीला पुन्हा गाळणी लावली की आधी लपलेले दोष वर येऊ लागतात, आणि ते सर्वांत आधी जाणवतात ते तानपुऱ्याच्या जवारीत, कारण तिचे सौंदर्य वरच्या स्वरांशांच्या दाट, सतत हलत्या गुच्छात असते.

एपीई फाइल आहे त्याच रूपात कायम ठेवा, असेही माझे म्हणणे नाही, आणि मूळ लेखात हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. एपीई उलगडायला तो बनवण्याइतकेच श्रम संगणकाला पडतात आणि त्याला चालवणारी उपकरणेही मोजकी आहेत. त्याचे फ्लॅक या अधिक प्रचलित फॉरमॅटमध्ये रूपांतर करणे उत्तम. फ्लॅकची १.० आवृत्ती २००१ मध्ये आली, २०१५ च्या विंडोज १० पासून तो विंडोजमध्ये अंगभूत आहे, आणि २०२४ मध्ये त्याचे अधिकृत इंटरनेट मानकही प्रसिद्ध झाले. दोन्ही फॉरमॅट एकही नमुना न गमावता आकार कमी करणारे असल्याने या बदलात काहीच हरवत नाही. पण हे रूपांतर करायचे कशाने? फूबार २००० एपीई स्वतःहून वाचत नाही. त्याचा कन्व्हर्टर ज्याच्या आधारे ती फाइल उलगडतो तेच ते मंकीज ऑडिओचे प्लगइन, ज्याला आपण कुबडी म्हणता. रूपांतर झाल्यावर बायनरी कम्पॅरेटर नावाचे आणखी एक प्लगइन जुन्या आणि नव्या फायली उलगडून त्यांचा नमुना न् नमुना ताडून पाहते. फरक शून्य आहे असा निर्वाळा त्याने दिला, तरच मी एपीई पुसतो. एकदा एका अल्बमच्या दुसऱ्या फाइलला त्याने फरक दाखवला. शोध घेतल्यावर जुन्या डिस्कवरची मूळ फाइलच नीट वाचली जात नसल्याचे कळले. ती मी दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा घेतली. ताडून न पाहता पुसली असती तर ते ध्वनिमुद्रण गेलेच होते.

ज्या फायली मुळातच ध्वनी गाळून बनलेल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. २००७ च्या सुमारास माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही साध्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या फायली एएमआर फॉरमॅटमध्ये आहेत. हा फॉरमॅट फोनवरच्या संभाषणासाठी घडवलेला: सेकंदाला ८००० नमुने, जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला शंभर किलोबाइटही नाहीत. माणसाचा आवाज गळ्यातून आणि तोंडातून कसा घडतो याचे गणिती प्रारूप वापरून तो ध्वनी साठवतो. त्यामुळे आत्याचा आवाज ओळखीचा राहिला आहे, पण जात्याची घरघर त्या प्रारूपात बसत नाही आणि ती विचित्र, चिरकी होते. घरातल्या एकाने सोयीसाठी या फायलींचे कमी बिटरेटचे एमपीथ्री करून सगळ्यांना वाटले. त्यात ती घरघर शब्दांवर पसरली आहे आणि ओवीच्या शेवटी आत्या जो स्वर लांबवते तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. सुदैवाने जुन्या मेमरी कार्डावर मूळ फायली सापडल्या. आज त्या एएमआर उलगडणाऱ्या प्लगइनमुळे माझ्या संग्रहात इतर ध्वनिमुद्रणांच्या शेजारी, नाव-गाव-तारखेसह बसल्या आहेत, आणि त्यांतला एकही बाइट बदललेला नाही. नातेवाइकांना फोनवर पाठवण्यासाठी मी वेगळी प्रत जरूर करतो, पण ती केवळ प्रत असते. रिअलऑडिओ या एके काळी इंटरनेटवर प्रचलित असलेल्या फॉरमॅटच्या जुन्या फायलींनाही हेच लागू आहे. त्यांच्यासाठी एफएफएमपेग या अनेक फॉरमॅट उलगडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा आधार घेणारे प्लगइन आहे, मात्र एफएफएमपेगची फाइल वेगळी आणून तिचा पत्ता त्याला दाखवावा लागतो.

(काही जण फाइलच्या नावापुढचे एएमआर खोडून एमपीथ्री लिहितात आणि रूपांतर झाले असे समजतात. अशी शंका आली तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला हॅशचे चिन्ह (#), उद्गारचिन्ह आणि लगेच ए, एम, आर ही तीन रोमन अक्षरे दिसली तर ती एएमआरच आहे.)

आता सुरक्षिततेचा मुद्दा. प्लगइन ही एक डीएलएल, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल, असते आणि ती मूळ सॉफ्टवेअरच्या सर्व अधिकारांसह चालते, त्यामुळे आपली भीती रास्तच आहे. म्हणून मी प्लगइन फक्त फूबार २००० च्या स्वतःच्या यादीतून किंवा त्या फॉरमॅटच्या मूळ लेखकाकडून घेतो. ‘कोडेक पॅक’ नावाने मिळणारी, फायली उलगडणाऱ्या अनेक साधनांची गाठोडी मी कधीही बसवत नाही, कारण त्यांत काय काय आहे आणि ते दुसऱ्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करते, हे कळायला मार्ग नसतो. लेखात हा इशारा नव्हता. तो आज जोडला आहे.

मीडियामंकी या संगीतसंग्रह सांभाळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरविषयी आपण विचारले आहे. ते विनॅम्प या जुन्या प्लेअरची इनपुट प्लगइन्स, म्हणजे ज्यांचे नाव इंग्रजी ‘इन’ आणि अधोरेषेने सुरू होते त्या डीएलएल, वापरू शकते. पण वाजणे वेगळे आणि संग्रहात नीट नोंदले जाणे वेगळे. प्लगइनने फाइल वाजू लागली तरी तिच्यातले राग, कलाकार, वर्ष हे टॅग वाचले किंवा लिहिले जातीलच असे नाही, आणि तसे झाले नाही तर आपण भरलेली माहिती केवळ त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये राहते. पाचपन्नास फायलींवर मेहनत घेण्यापूर्वी एकीवर टॅग लिहून, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून खात्री करून घ्यावी.

राहिला आपल्या बंद पडलेल्या प्लगइन्सचा प्रश्न. आपण दिलेल्या वर्णनावरून मला वाटते की, २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीनंतर आपण ६४-बिट फूबार २००० घेतले असावे. ३२-बिटसाठी बांधलेले प्लगइन त्यात चालत नाही; त्यात फायलींचा काहीच दोष नाही आणि त्या जशाच्या तशा शाबूत आहेत. मंकीज ऑडिओचे प्लगइन यादीतून पुन्हा उतरवून प्रेफरन्सेसमधील कम्पोनंट्सच्या पानावर बसवा, कारण त्याच्या आजच्या पॅकेजमध्ये ६४-बिट भागही आहे. एखादे जुने प्लगइन ६४-बिटमध्ये उपलब्धच नसेल, तर ३२-बिट फूबार २००० पोर्टेबल पद्धतीने, म्हणजे सगळे एकाच फोल्डरमध्ये राहील असे, वेगळे ठेवता येते. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात. तो संपूर्ण पोर्टेबल फोल्डर, प्लगइन्ससह, मी संग्रहाच्या बॅकअपच्या डिस्कवरच ठेवतो, जेणेकरून उद्या ती प्लगइन्स कुठे मिळेनाशी झाली तरी फायली उलगडण्याचे साधन फायलींजवळच असेल.

एवढे करूनही आपल्या फायली मुक्याच राहिल्या, तर आवृत्ती कोणती आहे आणि फूबार २००० मध्ये फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यावर कोडेकच्या रकान्यात काय दिसते, ते कृपया कळवा. तोवर मूळ फायली पुसू नका, ही आग्रहाची विनंती.