नवऱ्याला पोटगी: निकाल एक, फॉरवर्ड भलताच

नांदेडच्या शिक्षिकेचा निकाल ग्रुपवर पुन्हा फिरतोय. मजकुराचा सूर असा: हायकोर्टानं नवा कायदा आणला, आता कमावत्या बायकोनं नवऱ्याला दरमहा ५,००० पोटगी द्यायची आणि कमावत्या बायकांची पोटगी बंद. यातलं खरं एवढंच की एका शिक्षिकेला माजी नवऱ्याला पैसे द्यायला लावले गेले.

‘नवा’ कायदा १९५५चा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ नुसार पती किंवा पत्नी, कुणीही मागू शकतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २६ फेब्रुवारी २०२२ ला तेच लागू केलं.

आकड्याचाही घोळ आहे. नांदेडच्या न्यायालयानं २०१७ मध्ये लावली ती अंतरिम, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतची पोटगी, महिना ३,०००. ती भरली गेली नाही. मग २०१९ मध्ये थेट मुख्याध्यापकांना आदेश गेला: बाईंच्या पगारातून दरमहा ५,००० कापा. हा थकबाकीचा हप्ता. नवऱ्यानं मागितले होते १५,०००, आणि तो मूळ अर्ज तेव्हा निकाली निघालाच नव्हता.

खरी गोम वेगळीच आहे. लग्न १९९२चं, घटस्फोट २०१५चा, अर्ज त्यानंतरचा. नातंच उरलं नाही तर पोटगी कसली, हा बाईंचा प्रश्न मला तरी गैर वाटत नाही. पण कलम २५ म्हणतं, हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निर्णयाच्या) वेळी ‘किंवा त्यानंतर केव्हाही’. खंडपीठानं तेवढ्यावर बोट ठेवलं. टाळ्या पिटणाऱ्या पुरुषमंडळींनी एक बघावं: घटस्फोटाच्या वेळी काहीच न मागितलेली बाईसुद्धा उद्या याच शब्दांवर अर्ज करू शकते.

मग आता कुणीही नवरा उठून पोटगी मागेल? छे. स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही, हे आधी दाखवावं लागतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एका धडधाकट नवऱ्याची अशी मागणी धुडकावली. फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीच्या जुन्या कलम १२५ मध्ये, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ मध्ये, पत्नी, मुलं आणि आईवडील आहेत, नवरा नाहीच. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर तिथंही पोटगी फक्त पत्नीला. ग्रुपवर नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आपलं लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय हे पाहिलं असेल का, कोण जाणे.

राहिली कमावत्या बायकांची ‘बंद’ पोटगी. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच सांगितलंय की पत्नी कमावते एवढ्यानं तिचा हक्क जात नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नोकरी करणाऱ्या एका पत्नीची महिना १५,००० ची पोटगी कायम ठेवली. ती बाईसुद्धा शिक्षिकाच होती.